शिरोधार्य

डोळ्यांना पापण्या झाल्या, तोंडाला ओठ झाले, आणि कानांपाशी येईपर्यंत ब्रह्मदेवाकडचं झाकणांचं सामान संपलं असावं. नाहीतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना ही अशी दोन दारं सताड उघडी टाकून कोणता शहाणा कारागीर घरी जाईल? नको ते दिसलं तर डोळे मिटता येतात. नको ते बोलायची वेळ आली तर तोंड मिटता येतं. येतं म्हणतात, मी अजून कोणाला मिटताना पाहिलेलं नाही. पण नको ते ऐकू आलं तर? मग कान किटेपर्यंत ऐकावं आणि या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यावं, एवढीच काय ती सोय. गांधीजींच्या तीन माकडांपैकी एकानं कानांवर हात ठेवून स्वतःपुरता मार्ग काढला खरा, पण त्यात बिचाऱ्याचे दोन्ही हात अडकले. त्याला ना भाजी निवडता येत, ना वर्तमानपत्राचं पान उलटता येत. त्या माकडाचे हात मोकळे करण्यासाठी माणसानं जे यंत्र काढलं, त्याला हेडफोन म्हणतात. आणि ते कोणतं घ्यावं, या एका प्रश्नानं गेल्या पावसाळ्यात माझी झोप उडवली होती.

आमचं घर डोंबिवलीतलं, दोन बेडरूमचं. त्यात चार आघाड्या. हॉलमध्ये सौ.ची मालिका. पहिल्या खोलीत लॅपटॉप उघडून सूनबाईंची कचेरी. दुसऱ्या खोलीत नातवाची दहावी. उरलेल्या जागेत, म्हणजे बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून, मी आणि मल्लिकार्जुन मन्सूर. माझी नोकरी संपली तेव्हा मी ठरवलं होतं की उरलेलं आयुष्य गाणं ऐकायचं. चाळीस वर्षं साहेबांचं ऐकलं, आता जरा बरं काही ऐकू. पण झालं काय, की एका सकाळी सूनबाईंची मीटिंग चालू असताना बुवांचा आवाज दारातून आत गेला आणि तिच्या यंत्रातून थेट बंगळूरला पोचला. तिचे साहेब मूळचे धारवाडचे निघाले. त्यांनी मीटिंग थांबवून आठ मिनिटं मन्सूरांवर भाषण केलं. मला वाटलं, मी सुनेचं भलं केलं. पण तिच्या मते ती आठ मिनिटं नंतर तिलाच भरून काढावी लागली. त्या रात्री जेवताना ठराव आला. मांडला चिरंजीवांनी, अनुमोदन सूनबाईंचं, आणि सौ.नं आमटी वाढता वाढता तो पास केला. "बाबा, चांगला मोठा हेडफोन घ्या. कान पूर्ण झाकणारा."

डोक्यावर घालायची वस्तू, आणि तीही घरच्यांच्या आज्ञेनं! शिरोधार्य हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला.

आता हेडफोन म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. कानाच्या भोकात खुपसायची ती छोटी बोंडं मी पूर्वी वापरली होती आणि नंतर सोडली होती. का सोडली ते पुढं सांगतो. दुसरा प्रकार कानावर नुसता टेकतो आणि अर्ध्या तासात कानाची पाळी पापडासारखी लाल करतो. तिसरा हा मोठा, अख्ख्या कानाभोवती गादीचं कडं करून बसणारा. नातू त्याला 'फुल साइज' म्हणतो. शर्टापासून कुकरपर्यंत आम्ही आजवर मीडियम साइजमध्ये जगलो. आता एकदम फुल साइज.

"किती पडेल?" सौ.नं विचारलं.

"पाच हजारांच्या आत बसवू."

ती काही बोलली नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवानं सांगतो, ती बोलते तेव्हा विषय संपलेला असतो. बोलत नाही तेव्हा सुरू होतो. दुसऱ्या दिवशी दुधाचं पातेलं उतरवताना म्हणाली, "पाच हजारांत फ्रीजचं दार दुरुस्त होऊन वर पुरणयंत्र आलं असतं."

यात टोमणा होता, पण एक खरा प्रश्नही होता. तो असा. घरात आजवर जी वस्तू आली ती सगळ्यांची म्हणून आली. फ्रीज सगळ्यांचा, टीव्ही सगळ्यांचा. माझी सायकलसुद्धा चिरंजीवांनी शिकताना दोनदा गटारात घातली, म्हणजे तीही सगळ्यांचीच. पण हेडफोन ही वस्तूच अशी बेतलेली, की एकानं वापरली तर दुसऱ्याला तिचा ओ की ठो लागू नये. तोच तिचा गुण आणि त्याचेच पैसे. माझ्या माहितीत अशी दुसरी घरगुती वस्तू एकच आहे, ती म्हणजे कवळी. आणि कवळीला निदान वैद्यकीय कारण असतं.

गिरगावातल्या आमच्या चाळीत रेडिओ वडिलांचा, पण तो एकट्या वडिलांचा आहे हे खुद्द रेडिओलाही कधी कळलं नाही. पोस्टात जाऊन त्याच्या लायसन्सचे पैसे भरायचे वडिलांनी, आणि 'आपली आवड' लागली की गॅलरीभर ती सगळ्यांची आवड. समोरच्या खोलीतल्या काकू सुपात तांदूळ घेऊन कठड्याशी बसायच्या. मधूनच हाक यायची, "भाऊ, जरा मोठा करा हो!" वडील उठून मोठा करायचे. याला गोंगाट म्हणतात हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. हे आठवलं की मला भरून येतं, आणि मग भरून आलेलं जरा ओसरलं की दुसरं एक आठवतं. कोपऱ्यातल्या खोलीत एक मुलगा मॅट्रिकला बसला होता. तो गणितात तीनदा नापास झाला. आमचा रेडिओ ऐकायचा आहे का, हे त्याला एकदाही कोणी विचारलं नव्हतं. तेव्हाची चाळ म्हणजे नुसता प्रेमाचा झरा होता असं लिहिणाऱ्यांना मी हल्ली त्या मुलाविषयी विचारतो. झऱ्याच्या काठी ज्याला झोपायचं असतं त्याची अडचण झऱ्याला कळत नाही.

तेव्हा हेडफोन हे स्वार्थाचं यंत्र की सौजन्याचं, हेच मुळात ठरेना. मी कान झाकतो तो जगाचा त्रास मला होऊ नये म्हणून, की माझा जगाला होऊ नये म्हणून? वस्तू एकच, पण नियत उलट केली की पाप किंवा पुण्य.

मग मी इतिहासात शिरलो. मोठा खर्च करण्याआधी इतिहासात शिरणं हा मराठी माणसाचा जुना उपाय आहे, त्यात निदान दोन महिने निघतात आणि भाव उतरण्याची आशा राहते. त्यातून कळलं, की कामाचा म्हणावा असा पहिला हेडफोन नथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थानं 1910 च्या सुमारास अमेरिकेत, युटा प्रांतात, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून बनवला आणि तिथल्या आरमाराला विकला. हे मी मोठ्या कौतुकानं सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "ओटा कोणी पुसला?" इतिहासात याची नोंद नाही.

पुढं 1958 साली जॉन कॉस यांनी गाणं ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन काढला, तोवर तो तारायंत्रवाल्यांचा आणि वैमानिकांचा दागिना होता. पण मला अडकवलं ते 1979 च्या वॉकमननं. सोनीचे अकिओ मोरिता यांनी तो पहिला नमुना घरी नेऊन ऐकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या पत्नीला राग आला. नवरा समोर बसलेला आणि तरी घरात नाही! आपण एकट्यानं ऐकणं हा उद्धटपणा होतोय हे त्या भल्या माणसाला उमगलं, आणि त्यांनी यंत्राला हेडफोनसाठी एकाऐवजी दोन भोकं ठेवायला लावली. शिवाय एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि शेजारच्याचं बोलणं एका छोट्या मायक्रोफोनमधून कानात यायचं. म्हणजे यंत्रालाच संसार शिकवला होता. पण लोकांनी काय केलं? ज्यानं त्यानं आपापला घेतला. दुसरं भोक रिकामंच राहायला लागलं आणि पुढच्या नमुन्यांतून ते आणि ते बटण दोन्ही गेली. माणसाला वाटून घेण्याची सोय करून दिली, तर तो ती वापरत नाही हे कंपनीला पुढं कळलं. आम्हांला अजून कळायचं आहे, म्हणून आम्ही असले लेख लिहितो.

शेवटी एक दिवस लॅमिंग्टन रोडला जायचं ठरलं. डोंबिवलीहून दादर, दादरहून ग्रँट रोड. डब्यात एका टोकाला भजनी मंडळ टाळ कुटत होतं. दुसऱ्या टोकाला एक तरुण मोबाइलवर कसलीशी चित्रफीत भोंगा उघडा ठेवून पाहत होता आणि दर पंधरा सेकंदांनी तेच हसू सगळ्या डब्याला ऐकवत होता. उरलेले सगळे कानात बोंडं घालून डोळे मिटून बसलेले. मी मनाशी हिशेब मांडला. टाळवाले विचारत नाहीत, पण मागं सरकून बसायला जागा देतात. भोंगेवाला विचारत नाही आणि जागाही देत नाही. बोंडवाले कोणाला त्रास देत नाहीत. पण मी "जरा सरका हो" म्हणालो तर त्यांतल्या एकालाही ऐकू गेलं नाही, आणि मी ठाण्यापर्यंत उभा राहिलो. सरकवलं शेवटी टाळवाल्यांनीच. सज्जनपणाची जागा या तिघांपैकी कोणाला द्यावी, हे मला दादरपर्यंत ठरवता आलं नाही. दादरला विचार करायला जागा नसते.

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं आणि पहिलाच डबा उघडून डोक्यावर चढवला. "काका, बेस बघा, बेस!" कानात कोणीतरी सतरंजी झोडपायला लागलं. मी म्हटलं, "मला जरा माझं लावू द्या." नातवानं माझ्या फोनमध्ये दहा मिनिटांचा नुसता तानपुरा भरून दिला होता. तो लावून मी डोळे मिटले. दुकानदारानं एक बाजू स्वतःच्या कानाशी धरून पाहिली आणि काळजीनं म्हणाला, "काका, हे तर अर्थिंगचं गुंगतंय. पीस बदलून देतो."

त्याला जवारी म्हणतात, हे मी त्याला सांगितलं नाही. गिऱ्हाइकाची गर्दी होती. पण तुम्हांला सांगतो, हेडफोन पारखायला तानपुऱ्यासारखी कसोटी नाही. खर्जाची तार लावलेली असते षड्जाला. गंधाराची तार तिथं नाहीच. तरी तानपुरा चांगला मिळाला असेल, तर त्या षड्जाच्या पोटातून गंधार आपोआप वर येतो, स्वयंभू. जो हेडफोन तो गंधार देतो तो खरा, मग डब्यावर काही का छापलेलं असेना. त्या पहिल्या महाशयांच्या सतरंजीखाली आमचा गंधार गुदमरून गेला होता. दुसऱ्यात तो भूतासारखा कुठूनतरी यायचा. चौथ्यात तो आला आणि बसला.

पण दुकान हे गंधारावर थांबण्याचं ठिकाण नव्हे. "काका, अजून पाचशे टाका, वरचं मॉडेल येतं." टाकले. मनातल्या मनात. मग कळलं की त्याच्याही वर पाचशेंवर एक आहे, ज्याची तार निराळी काढून बदलता येते. म्हणजे तार तुटली तर अख्खा हेडफोन टाकायला नको. हे पटण्यासारखं होतं. पुढच्या पायरीला गाद्या बदलता येतात. हेही पटलं, कारण ते खोटं चामडं आपल्याकडच्या घामात दोन-तीन वर्षांत सुटायला लागतं आणि कानामागं काळे पोपडे घेऊन माणूस लग्नाला जातो. त्याच्या पुढच्या पायरीवर सोनीचा 7506 होता. 1991 पासून तो रेकॉर्डिंगच्या स्टुडिओंतून सर्रास दिसतो. निळी पट्टी आणि टेलिफोनसारखी वेटोळी वायर. किंमत माझ्या मर्यादेच्या दुपटीच्या घरात. मी त्याला हात लावला आणि देवळातून निघाल्यासारखा मागे सरलो. एकदा अमुकच्या वर नाही असं ठरवलं, की त्या अमुकला दर पाचशेला एक याप्रमाणे मोहाच्या पायऱ्या लावलेल्या असतात. प्रत्येक पायरी एकटी पाहिली तर वाजवी, आणि जिना अख्खा पाहिला तर गच्चीवरून उडी.

त्यात एका डब्यावर छापलं होतं, 'पाच ते चाळीस हजार हर्ट्झ'. माणसाचं उत्तम कान वीस हजारांपर्यंत ऐकतं, तेही तरुणपणी. मग वरचे वीस हजार कोणासाठी? कुत्र्याला ऐकू जातील, वटवाघळाला नक्की जातील. माझ्याविषयी तर विचारूच नका. नातवानं आदल्या रविवारी फोनवर निरनिराळ्या पट्टीच्या शिट्ट्या वाजवून माझी परीक्षा घेतली होती. नऊ हजारांच्या पुढं मी हसतमुखानं वाट पाहत बसलो होतो आणि तो कानांवर हात ठेवून ओरडत होता, "आजोबा, बंद करा!" म्हणजे यापुढं मी वरच्या पट्टीसाठी जो पैसा टाकणार, तो न ऐकू येणाऱ्या गोष्टीसाठी. आता यात नीतीचा प्रश्न आहे की नाही, सांगा. जे आपल्याला ऐकू येत नाही ते विकत घेणं ही उधळपट्टी की श्रद्धा? आमच्या वडिलांनी आयुष्यभर सत्यनारायणाला दक्षिणा दिली, संस्कृतचं अक्षर न कळता. मी मात्र हिशेबी निघालो. तानपुऱ्याची जवारी माझ्या नऊ हजारांत सुखानं नांदते. वटवाघळांचा वाटा वटवाघळांनी भरावा.

बाकीची परीक्षा भराभर उरकली. फोनवरच ऐकायचं असेल तर बत्तीस ओहमच्या आसपासचा घ्यावा. अडीचशे ओहमवाल्याला वेगळा अँप्लिफायर लागतो, म्हणजे हत्ती फुकट आणि माहूत विकत. चष्मा घालूनच पाहावा, कारण चष्म्याच्या काडीनं गादी उचलली जाते आणि त्या फटीतून सगळा खर्ज पळून जातो. आणि निदान दहा मिनिटं डोक्यावर ठेवून उभं राहावं. पहिल्या मिनिटाला सगळेच हेडफोन मऊ असतात. पाहुणेही असतात.

बॅटरीवर चालणारा, बाहेरचा आवाज मारणारा हेडफोनही त्यानं दाखवला. ही युक्ती अमर बोस यांची. वडील बंगालचे, इंग्रजांच्या हातून निसटून अमेरिकेत गेलेले. मुलाला 1978 साली झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानाच्या घरघरीत गाणं ऐकू येईना, तेव्हा त्यानं तिथंच बसून गणित मांडलं: बाहेरच्या आवाजाची बरोबर उलटी लाट कानात सोडली तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतील. वैमानिकांच्या कानावर तो बाजारात यायला 1989 उजाडलं. मी तो घातला आणि बटण दाबलं. दुकानातल्या एसीची घरघर नाहीशी झाली, आणि त्यामुळं दुकानदाराचं बोलणं पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू यायला लागलं! एकसुरी, खालच्या पट्टीतली घरघर हे यंत्र खातं; माणसाची बडबड त्याला तितकीशी पचत नाही. पंखा जाणार, कुकरची शिटी राहणार, आणि मालिकेतली सासू तर शब्दन्‌शब्द. मी तो नमस्कार करून परत केला.

राहिले दोन. एक उघड्या पाठीचा आणि एक बंद पाठीचा. हा भेद साधा आहे. उघड्याच्या वाट्यांना मागून जाळी असते. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं. गाणं असं मोकळं वाटतं, जसं खिडकी उघडलेल्या खोलीत. 1968 साली जर्मनीतल्या सेनहायझरनं पिवळ्या स्पंजाचा असा पहिला हेडफोन काढला आणि लोकांना प्रथमच वाटलं की गाणं डोक्यात नाही, समोर आहे. बंद पाठीचा म्हणजे दार लोटून कडी. उघडा घ्यावा तर मन्सूर गळत गळत दहावीच्या पुस्तकापर्यंत जाणार. मग हेडफोन घेतला कशाला? बंद घ्यावा तर कोणाला त्रास नाही. घरच्या ठरावाप्रमाणे उत्तर उघड होतं. दुकानदारानं बंद चढवला. लॅमिंग्टन रोड विझला. हॉर्न गेले, दुकानदाराचे ओठ नुसते हलायला लागले, आणि मला माझा स्वतःचा आवंढा ऐकू आला.

मी तो काढून काउंटरवर ठेवला. दुकानदाराला वाटलं, किंमत.

ती बोंडं मी का सोडली ते सांगायचं राहिलं होतं. 2011 साली माझी आई शेवटचे आठ महिने आमच्याकडे अंथरुणाला होती. आवाज अगदी गेला होता, म्हणून उशाशी स्टीलची वाटी आणि चमचा ठेवलेला. काही हवं असलं की ती वाटीवर चमचा वाजवायची. एका संध्याकाळी घरात आम्ही दोघंच होतो. मी बाहेरच्या खोलीत बोंडं घालून मारवा ऐकत बसलो. चाळीस मिनिटांचा असेल. संपल्यावर बोंडं काढली, घर शांत होतं. आत गेलो तर वाटी पालथी पडलेली आणि चमचा तिच्या हातात. तिला पाणी हवं होतं. मी पाणी पाजलं. म्हटलं, "आई, वाजवायचंस ना." ती म्हणाली, "वाजवलं रे दोनदा. मग दारातून दिसलं तुझ्या कानात ते आहे. म्हटलं, ऐकतोय, ऐकू दे." आणि मग तिनं विचारलं, "झालं का गाणं?"

रागावली असती तर बरं झालं असतं. ती बोंडं मी टेबलाच्या खणात टाकली, ती अजून तिथंच आहेत. हे मी घरात कोणाला सांगितलं नाही. त्यामुळं हेडफोन घ्यायला दोन महिने का लागतायत, याचं कारण सगळ्यांनी आपापल्या मनानं चिक्कूपणा असं धरलं होतं, आणि मीही ते चालू दिलं. चिक्कू म्हणवून घ्यायला पैसे पडत नाहीत.

माझ्यापुढचा प्रश्न आता पैशाचा राहिलाच नव्हता. उघडा घेतला तर मी दुसऱ्याला त्रास देणार, बंद घेतला तर दुसरा मला त्रास देऊ शकणार नाही. यांतला मोठा गुन्हा कोणता? आपल्याकडे आवाजाचे नियम आहेत. 2000 सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबल, रात्री पंचेचाळीस. ते आमच्या गल्लीतल्या मंडपवाल्यांनी वाचलेले दिसत नाहीत ही गोष्ट वेगळी, पण निदान कागदावर आहेत. किती आवाज करू नये हे सरकारनं ठरवून दिलं आहे. किती ऐकू न येऊ द्यावं, याचा नियम कुठंच नाही. सौ. हल्ली सकाळी उठताना भिंतीला हात लावून उठते. तिला चक्कर येते. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे चालायचंच. वयाप्रमाणे चालायचंच, पण पडली तर आवाज मला यायला हवा.

"काका, काय करायचं?" दुकानदारानं विचारलं. मी गप्प. शेजारी एक पोरगा उभा होता, कुठल्यातरी स्टुडिओत काम करणारा, वायरी घ्यायला आलेला. तो म्हणाला, "काका, बंदच घ्या आणि एक वाटी कानामागं सरकवा. गाणारे माइकपुढं तसंच करतात. एका कानात ट्रॅक, एक कान स्वतःच्या आवाजाला मोकळा." त्यानं तो बंद हेडफोन घेतला, डावी वाटी वळवून माझ्या कानामागं बसवली. उजव्या कानात तानपुरा, डाव्या कानात लॅमिंग्टन रोड. गंधार आला.

दुकानदार म्हणाला, "पण मग स्टिरिओ गेला ना काका!"

बरोबर होतं त्याचं. दोन कानांचे पैसे देऊन एकच वापरायचा, म्हणजे पाच हजारांतले अडीच हजार पाण्यात. पण मी जे ऐकतो त्यातलं बरंच अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांवरचं, म्हणजे मोनो. दोन्ही वाट्यांत तेच. केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, तिथंही ती एकाच वाटीची आहे आणि कोणा ग्रहानं अजून तक्रार केलेली नाही. मी पैसे मोजले. कंपनीचं नाव सांगत नाही. पाच हजारांतून दोनशे चाळीस उरले आणि त्यात सौ.साठी पुरणयंत्राची जाळी आली. यंत्र पुढच्या वर्षी.

घरी समारंभ झाला. चिरंजीवांना आनंद झाला, सूनबाईंनी फोटो काढला. सौ. दोन दिवस पाहत होती, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, ते डावीकडून घसरलंय." म्हटलं, "तसंच असतं." "मग एकाच कानाचा स्वस्त मिळाला नसता?" एक अडचण मात्र निघाली. गुरूचं नाव निघालं की गवयी कानाची पाळी धरतात, आणि ऐकताना माझाही हात त्या सवयीनं जातो. उजवीकडे आता हाताला खोटं चामडं लागतं. आणखी एक तोटा म्हणजे पूर्वी "ऐकू आलं नाही" म्हणून टळणारी कामं आता टळत नाहीत, कारण डावा कान सगळ्यांसमक्ष उघडा असतो.

परवा दुपारी केसरबाईंचं लावलं होतं. नातू शाळेत, सूनबाई मीटिंगमध्ये. तान वर चढत असताना डाव्या कानात वाटीवर चमचा वाजला. एकदा, मग दोनदा. मी कधी उठलो ते मला कळलं नाही. वायर खुर्चीच्या हाताला अडकली, फोन खाली पडला, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो तेव्हा हेडफोन माझ्या गळ्यात होता.

सौ. ओट्याशी उभी राहून वाटीत बेसन कालवत होती.

"काय हवंय?" मी विचारलं.

"मला? काही नाही." तिनं माझ्याकडे, माझ्या गळ्याकडे, मग लोंबणाऱ्या वायरकडे पाहिलं. "आलाच आहात तर ती कोथिंबीर निवडा."